तो ड्रॅगन नाही हो!
संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीत त्या पाणराक्षसाचं चित्र छापलंत, बघून मस्त वाटलं, पण खाली नुसतं 'रेड इंडियन ड्रॅगन' लिहून मोकळे झालात हे काही पटलं नाही. अहो तो अमेरिकेतल्या किओवा या मूळनिवासी जमातीच्या कथांमधला झेमोग्वानी, अंग माशाचं आणि डोक्यावर चक्क शिंगं! नात विचारते, आजोबा, माशाला शिंगं कशाला? आता काय सांगणार. ओक्लाहोमातल्या सिल्व्हर हॉर्न (१८६०-१९४०) या किओवा चित्रकारानं अशा कितीतरी कथा रंगवल्या, अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेचे अभ्यासक जेम्स मूनी यांच्यासाठी हरणाच्या कातड्याचे नमुन्याचे छोटे छोटे तंबूसुद्धा रंगवून दिले, आणि खऱ्या तंबूंवरची चित्रं तर त्या त्या घराण्याच्या मालकीची, कुणीही उठून काढायची नाहीत. पुढच्या वेळी निदान जमातीचं नाव तरी टाका की!
- एक वाचक, सातारा