जुनी उपकरणे जातात कुठे?

संपादक महोदय,

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून उतरवलेले टीव्ही, मिक्सर, चार्जर आणि मोबाइल बहुतेक घरांतून थेट भंगारात जातात. पुढे अनेक ठिकाणी तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि सोन्याच्या अंशासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवले जातात. वायरींच्या त्या काळ्या धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये असतात आणि तो धूर सर्वांत आधी ते काम करणाऱ्या मजुराच्या छातीत जातो, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते, ते वेगळेच.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु आपल्या भागातील संकलन केंद्र कोठे आहे, हे सामान्य ग्राहकाला सहसा ठाऊक नसते.

त्याआधी दुरुस्तीचा विचार व्हावा. मंदावलेल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी (माहिती साठवणारी अधिक वेगवान डिस्क) बसवली, तर तो एखाद्या विद्यार्थ्याला आणखी काही वर्षे सहज पुरतो. मात्र देण्यापूर्वी आपली माहिती पूर्णपणे पुसावी. फुगलेली बॅटरी घंटागाडीत कधीही टाकू नये, कारण दाबली गेल्यास ती पेट घेते.

महापालिकांनी प्रभागनिहाय संकलनाचा दिवस जाहीर करावा आणि दारोदार फिरणाऱ्या भंगार व्यावसायिकांनाही प्रशिक्षण देऊन, योग्य मोबदल्यासह या व्यवस्थेत सामावून घ्यावे, ही विनंती.

— एक वाचक, पुणे