पाइपातलं पाणी

मालवण

चि. मनालीस अनेक आशीर्वाद.

काल तू एवढंच म्हणालीस, "आई, तीन नंबरच्या आजोबांना ताप भरलाय, एक्स-रेत डाग आलाय," आणि फोन ठेवलास. मला रात्रभर झोप नाही. श्वासनलिकेत नळी घालून 48 तास उलटल्यावर निमोनिया झाला की व्हेंटिलेटरच्या वाटेनेच आला का, हा पहिला संशय. तुला मी काय सांगणार! तरी सांगते, पाइपातलं पाणी बघत जा.

श्वासाची हवा ओलसर-गरम करणाऱ्या ह्युमिडिफायरमधून आलेली हवा व्हेंटिलेटरच्या पाइपात निवते आणि पेजेच्या झाकणाला धरतं तसं पाणी धरतं. त्यात पेशंटच्याच घशातले जंतू वाढतात. कुशीवर वळवताना पाइप उचलला गेला की ते थेट छातीत. म्हणून वळवायच्या आधी पाणी पाइपाच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी साठायच्या डबीत उतरव, पेशंटकडे नाही, ह्युमिडिफायरकडेही नाही. ग्लोव्हज काढल्यावरसुद्धा हात धू. आमच्या वेळी पाइप ठरल्या दिवशी बदलायचेच. आता मळला, बिघडला तरच बदला म्हणतात, आणि ते पटतं. उगाच उघडझाप नको. नेब्युलायझरची वाटी मात्र नळाखाली विसळून ओलीच ठेवू नका. तिला निर्जंतुक पाणी लागतं, आणि ती सुकवावी लागते.

झालं माझं लेक्चर. राग मानू नको गं.

भाऊमामा व्हेंटिलेटरवर होता तेव्हा मी आयसीयूच्या काचेबाहेर होते, सिस्टर म्हणून नाही, बहीण म्हणून. त्याचं डोकं सपाट ठेवलेलं. 30 ते 45 अंश वर घ्या म्हटलं, तर "बाहेर थांबा" म्हणाले. पुढे सक्शनला हिरवट, घट्ट कफ यायला लागला. रिपोर्टात स्यूडोमोनास नावाचा जंतू. दांडीच्या समुद्रात तो बुडी मारायचा तेव्हा आम्ही पोरं काठावर मोठ्याने आकडे मोजायचो, आणि आकडे संपले तरी तो वर येत नसे. केवढा दम होता त्या छातीत!

सिनियरला तू कफ प्रेशर, म्हणजे नळीच्या फुग्यातला दाब, तपासूया का विचारलंस, ती चिडली म्हणालीस. चिडू दे. ऐकून मला इतकं बरं वाटलं की आजीलाही सांगितलं. एकेकीकडे चार चार पेशंट, हात धुवायला वेळ कुठला, हे मला कळतं. तरी धू. आणि वळवायच्या आधी ते पाणी...

कल्चरचा, म्हणजे जंतू कुठला ते सांगणारा, रिपोर्ट आला की कळव. कुठलं अँटिबायोटिक लागू पडतंय तेही. आजी रोज विचारते, "चेडू जेवलां मा?" काय सांगू?

शनिवारी बाबी कोकणकन्येने येतोय. त्याच्याकडे सोलं आणि कुळथाचं पीठ देते. नाइट असेल तर आधी सांग, तो हॉस्टेलवर आणून देईल.

तुझी,
आई