तुझ्या आईचं हिरवं लुगडं

प्रिय कुसुम,

सप्रेम नमस्कार. राखीपासून तुझ्या पत्राला उत्तर नाही, आता खुशाल शिव्या दे. आम्ही बरे आहोत. यांची साखर वर-खाली, माझी कंबर आहे तशीच. मुद्द्यावर येते, कारण हे इथं कुणाला सांगून कळत नाही.

घट बसायच्या आधी गोधड्या नाल्यावर धुवायला नेल्या. ती जाड लाल, जिला तू 'म्हैस' म्हणायचीस, ओली झाली की दोघींना आवरत नाही. पिळताना मधोमध फाटली. दिवाळीत पोरी माहेरी आल्या तेव्हा ओसरीत मांडली, म्हटलं उसवून नव्यानं भरू. वरचं अस्तर निघालं, मधल्या चिंध्या निघाल्या, आणि खाली तुझ्या आईचं हिरवं लुगडं! माझ्या पहिल्या बाळंतपणात काकूंनी बाळाच्या अंथरुणाला दिलेलं. काठ अजून लालबुंद.

भुलाबाईचा सण आठवतो? ते लुगडं नेसून तू मिरवलीस अन् परतताना बाभळीत अडकवून फाडलंस. (मी ढकललं नव्हतं, आजही सांगते.) मग कंदिलाच्या उजेडात पिवळ्या दोऱ्यानं आपण ते शिवलं. माझा टाका बारीक, तुझा पोतं शिवल्यासारखा. मी तसं म्हटलं म्हणून कोजागिरीच्या दुधापर्यंत तू अबोला धरलास. आणि काकूंना काही कळलं नाही म्हणून दोघी किती फुशारलो!

कळलं होतं गं त्यांना. आपल्या पिवळ्या टाक्यांच्या मागून त्यांनी हिरवं ठिगळ लावलंय. चारी कडा दुमडून, धावदोरा इतका बारीक की बोट फिरवल्यावरच लागतो. आपले टाके मात्र उसवले नाहीत. आणि बोलल्या कधीच नाहीत, आपण सासुरवाशिणी झालो तरी.

आता घोर हा, की याचं करू काय. लेकीचे दिवस पौषात भरतात. दुपट्याला धुऊन धुऊन मऊ झालेलं सूतच लागतं. पेटी उपसली तर सगळ्या पॉलिएस्टरच्या साड्या. सुई सटकते, चुण्या पडतात, बाळाचं ओलं टिपत नाही. कापूस वेचून बोटं सोलतात आपली अन् घरात एक सुती लुगडं नाही! जाऊबाई म्हणतात, "काप गुपचूप, कुसुमले काय समजते?" सूनबाई म्हणते, फ्रेम करून भिंतीवर लावू. डोंबल! शेजारची नानी म्हणते, मेलेल्या बाईचं कापड पोराले नको. आणि लगेच, नऊवारीच्या चार घड्या घातल्या की एका माणसाची गोधडी होते, मले करून दे. म्हटलं नानी, ते त्यांनी जित्या हातानं दिलंय.

म्हणजे कापावं, हे माझं ठरलंय. बाळाखाली घालायलाच दिलं होतं ना. अडलंय ते ठिगळाशी. दुपट्यात घालू, की तुला पाठवू? रात्री वाटतं पाठवावं, आई तुझी. सकाळी वाटतं, निम्मे टाके माझे, आणि शेजारचे चांगले ते माझे. शिवाय तुझ्या कपाटात गेलेल्या वस्तूचं काय होतं, ते माझ्या पितळी अडकित्त्याला ठाऊक. पण बाळानं ओलं केलं, धू धू धुतलं, तर तो पिवळा दोरा किती टिकेल? जुनाच आहे तो. नुसतं बघून बघून पुन्हा घडी करते, अन् जाऊबाई हसतात.

वेचणी चालू आहे, तूर फुलावर आलीय, दिवसा कुणीच मोकळं नाही. जेवणं आटोपली की ओसरीत बसतो, पण सुईत दोरा ओवायला आता नातवंडं लागतात.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? धाकट्याचं जमलं म्हणे, मुलगी कुठली? पुणं मानवलं का, लिही.

काठाची कुंची करणार आहे, त्यात तुझं मत विचारत नाही. ठिगळाचं तेवढं सांग. फोन केलास तर रात्री नऊनंतर कर, आणि सूनबाईच्या फोनवर नको, ती स्पीकर लावते.

तुझीच,
विमल