शेवटचा डोस कोणत्या वयात झाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस आहे. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाने आजारी पडलेलं कुत्र्याचं पिल्लू टेबलावर ठेवताना घरची माणसं बहुतेक वेळा एकच विचारतात, "लस दिली होती, तरी असं कसं झालं?" कार्ड उघडावं तर बाटलीवरचं स्टिकर पहिल्या दोन रकान्यांत असतं, तिसरा कोरा. त्या कोऱ्या रकान्यासाठी हे पत्र.

पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिकारशक्ती उसनी मिळते. ती त्याला सुरुवातीचे काही आठवडे सांभाळते, पण ती अंगात आहे तोवर टोचलेली लसही तीच निकामी करते. ती कधी ओसरेल याचा नेम नाही. एकाच वेतातल्या भावंडांतही फरक पडतो. म्हणून सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस द्यावे लागतात. आधीचे वाया गेले असले तरी शेवटचा बहुधा लागू पडतो. आणि नेमका तोच टाळला जातो, कारण तोवर पिल्लू घरभर हुंदडत असतं.

पार्व्हो झालेलं पिल्लू ज्याने पाहिलंय तो हे टाळणार नाही. रक्ताचे जुलाब, तो विशिष्ट वास, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते, इतकं अंगातलं पाणी गेलेलं असतं. 1978 मध्ये जगभर पसरलेला हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि आपल्या चपलांना चिकटून घरात येतो. म्हणूनच "आमचं मांजर तर घराबाहेर पडतच नाही" हे ऐकलं की मला काळजी वाटते. मांजरांचा पॅनल्युकोपेनिया याच कुळातला, तितकाच जीवघेणा, आणि मांजरांचं कार्ड तर कित्येक घरांत काढलेलंच नसतं.

रेबीजची लस वेगळी असते. पहिली पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर, दुसरी वर्षाने, पुढे डॉक्टर सांगतील तशी. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही. जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसं रेबीजने दगावतात असा अंदाज आहे, आणि त्यातली जवळजवळ सगळी कुत्र्याच्या चाव्याने.

लसीनंतर एखादा दिवस पिल्लू मलूल राहिलं तर घाबरू नये. मात्र तोंड सुजलं, उलट्या सुरू झाल्या किंवा धाप लागली तर तडक दवाखाना गाठावा. टोचून झाल्यावर अर्धा तास इथेच बसा, असं आम्ही सांगतो ते यासाठीच.

पिल्लू घरी आणणाऱ्यांना एक विनंती. "डोस किती झाले?" एवढंच विचारून थांबू नका. कार्डावरची शेवटची तारीख आणि जन्मतारीख शेजारी ठेवून मधले आठवडे मोजा. सोळाच्या आत भरले तर अजून एक डोस बाकी आहे.

कळावे,
पशुवैद्यकीय दवाखान्यातील एक मदतनीस