हायफनचा शेजारी

पुणे, रविवार

प्रिय बंड्या,

तब्येती ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझं बीपी गोळीवर. आता मुद्द्याचं. घरी सांगायला गेलो तर बायको म्हणाली, "एका हायफनसाठी रात्रीचा जागतोस?" म्हणून तुला लिहितोय.

डीलर कमिशनचा डेटा जोडणारं ते पॅकेज आठवतंय, ज्याला आपण कुणी हात लावायचो नाही? शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. महिनाअखेरीला मोजके डीलर गायब. जॉब मात्र पास, सगळीकडे हिरव्या टिका, एररचं नाव नाही. ऑफिसातल्या टकलूचं नेहमीचंच, "सोर्स डेटा खराब असेल." सोर्स स्वच्छ होता रे!

दोन याद्यांच्या जोड्या जमवणारा मर्ज जॉइन दोन्ही याद्या वरून खाली एकदाच वाचतो, मागे फिरत नाही, म्हणून दोन्हींचा क्रम एकच हवा, हे तुला काय सांगायचं. आणि 'इजसॉर्टेड' ही 'क्रम लावलेला आहे' सांगणारी खूण ट्रू केली म्हणून डेटा सॉर्ट होत नाही, पॅकेज चालवणारं एसएसआयएस फक्त आपल्या शब्दावर विश्वास ठेवतं. इथे एका बाजूच्या क्वेरीत डीलरचा कोड एनव्हारचारमध्ये, म्हणजे युनिकोड मजकुरात, कास्ट केलेला, पण ऑर्डर बाय, म्हणजे क्रम लावणं, मूळ बिगर-युनिकोड व्हारचार कॉलमवर. त्या कॉलमला जुनं एसक्यूएल कोलेशन, म्हणजे अक्षरांच्या क्रमाचे जुने नियम. त्यात हायफन हे स्वतंत्र अक्षर, म्हणून 'ए-सी' आधी आणि 'एबी' नंतर. युनिकोडच्या नियमात हायफन जवळपास नसल्यासारखाच, म्हणून 'एबी' आधी. दुसरी बाजू त्या क्रमाने येत होती.

आता गंमत बघ. दोन-दोन ओळींची टेबलं करून वाटेतल्या ओळी दाखवणारा डेटा व्ह्यूअर लावला. डावीकडून 'ए-सी' आला, उजवीकडून 'एबी'. मर्ज जॉइनच्या हिशेबाने 'एबी' लहान, म्हणून त्याने उजवी बाजू पुढे ढकलली. 'ए-सी'ला 'ए-सी' मिळाला, जोडी जमली. मग डावीकडून 'एबी' आला, तोवर उजवीकडचा 'एबी' निघून गेलेला! म्हणजे हायफनवाला सुखरूप आणि बळी शेजारच्याचा. गायब डीलरांच्या कोडमध्ये काही सापडेना ते यामुळेच. बघायला हवे होते त्यांच्या आजूबाजूचे कोड.

तू आता म्हणशील, "पॅकेजमध्येच सॉर्ट टाक म्हणत होतो ना!" थांब. तुझा तो सॉर्ट सगळा डेटा पोटात घेतल्याशिवाय एक ओळ पुढे सोडत नाही. त्या वर्षी सर्व्हर कुणी झोपवला होता, सांगू का सगळ्यांना? ऑर्डर बाय डेटाबेसमध्येच हवं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे, फक्त त्यात युनिकोडसारखाच क्रम लावणारं विंडोज कोलेशन लिहायचं, 'लॅटिन१_जनरल_सीआय_एएस'. तेवढं जोडलं आणि बेरीज जुळली. शिवाय जॉइनच्या आधी आणि नंतर रो काउंट, म्हणजे ओळींची मोजणी, लावलाय, फरक पडला की जॉब फेल. हिरव्या टिकेवर आता माझा विश्वास नाही.

टकलूने मेलमध्ये लिहिलं, "मायनर फिक्स." बरं!

नवीन घराचा ताबा मिळाला का? पिंकीची ॲडमिशन कुठे झाली? नाशिकला यायचं ठरवतोय, दिवाळीनंतर बघू. वहिनींना सांग, लोणचं पोचलं, बरणी परत मिळणार नाही.

तुझा,
सुध्या