पेलेची धाकटी बहीण

महोदय,

हवाई बेटांवर घडणाऱ्या मुलांच्या साहसकथांत तिथली दैवतं नुसती शोभेला नकोत. ज्वालामुखीची देवी पेले हिची धाकटी बहीण हिइआका थोरलीच्या प्रियकराला आणायला किलाउएआ ज्वालामुखीहून थेट काउआई बेटावर जाते, वाटेत मोओ या महाकाय सरड्यांशी झुंजते. इकडे मत्सराने पेटलेली पेले हिइआकाचं लाडकं लेहुआ या फुलझाडांचं बन जाळून टाकते. मुलांना याहून थरारक काय हवं? १८९६च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली आणि कित्येक घरांत आजीची भाषा नातवंडांना कळेनाशी झाली. म्हणूनच या कथा तिथल्या लेखकांच्या हातून याव्यात. आपल्या प्रकाशकांनीही त्या मराठीत जरूर आणाव्यात, नावं आणि देव न बदलता.

– एक वाचक, सातारा