उभं करूनही बीपी मोजा

महोदय,

१७ मे रोजी जागतिक उच्च रक्तदाब दिनानिमित्त झालेल्या मोफत तपासणी शिबिरांच्या बातम्या आपल्या दैनिकात वाचल्या. शिबिरं व्हायलाच हवीत. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ साली सुरू झाला, तेव्हा पहिल्या काही जिल्ह्यांत आपला साताराही होता. आज वाडीवस्तीवरची म्हातारी माणसंही ‘माझी बीपीची गोळी चालू आहे’ असं सांगतात, ही मोठी कमाई आहे. पण सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून आयुष्य काढल्यावर एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. बीपी आपण खुर्चीत बसवून मोजतो आणि माणूस पडतो तो उठून उभा राहिल्यावर.

आमच्या आळीत एक आबा आहेत, पंचाहत्तरीच्या पुढचे. बीपीची गोळी, पाण्याची गोळी आणि लघवी अडते म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली प्रोस्टेटची गोळी, अशा तिन्ही चालू. शिबिरात बसून बीपी भरलं १३४/८०. ‘उत्तम आहे’ म्हणून कागद हातात मिळाला. सूनबाई मात्र सांगत होती की पहाटे उठले की भिंत धरून मोरीपर्यंत जातात. मी माझं मशीन घेऊन गेले. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजलं, १३८/८०. उभं केलं आणि मिनिटभरानं पुन्हा मोजलं, तर १०८/६६. तेवढ्यात त्यांनी खाटेची कड पकडली, कपाळावर घाम आला. ‘सिस्टर, अंधारी आली’ म्हणाले. लगेच खाली बसवलं.

उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर ते दुखणं समजून डॉक्टरांना दाखवायचं असतं. आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरतं. नसा लगेच आवळल्या जातात, हृदय जरा जोरात चालतं, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. वय झालं, मधुमेह जुना झाला, कंपवात असला, की हे आवळणं मंदावतं. त्यात प्रोस्टेटच्या काही गोळ्या नसा सैल करतात आणि पाण्याची गोळी अंगातलं पाणी काढते. मे महिन्याचं ऊन आणि वर एकादशीचा उपास असेल, तर रात्री लघवीला उठलेला माणूस मोरीच्या उंबऱ्यात कोसळतो. खुब्याचं हाड मोडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या नातेवाइकांना मी नेहमी विचारायचे, ‘पडायच्या आधी चक्कर आली होती का?’ उत्तर बहुतेक वेळा ‘हो, पण पाय घसरला असेल’ असंच असायचं.

दुसरा प्रकार तरुण बायकांचा. ९०/६० च्या खाली बीपी गेलं की त्याला कमी म्हणतात, पण कितीतरी सडपातळ मुलींचं बीपी जन्मभर तिथंच असतं आणि त्या शेतात दिवसभर राबतात. त्रास नसेल तर त्याला औषध लागत नाही. शिवाय बारीक दंडाला मोठा पट्टा गुंडाळला किंवा हात छातीच्या वर धरला, तरी आकडा खोटाच कमी येतो. त्रास असेल तेव्हा मात्र ‘बीपी लो आहे’ एवढ्यावर थांबू नये. माझ्या नात्यातल्या एका सुनेला थकवा आणि चक्कर म्हणून एका खासगी दवाखान्यात सलाईनवर सलाईन चढवलं. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आतला भाग पांढराफटक. हिमोग्लोबिन निघालं सातच्या आसपास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. तिला लोहाच्या गोळ्या हव्या होत्या आणि पाळीत रक्त जास्त का जातं याची तपासणी हवी होती. साध्या सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाला ती जीवदान देते. रक्त कमी असलेल्या बाईचं रक्त तिनं वाढत नाही, आणि मजुरीचे पैसे मात्र जातात.

घरी करण्यासारखं बरंच आहे. झोपेतून उठताना आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं खाटेवर बसावं, पावलं वर-खाली हलवावीत, मुठी आवळाव्यात आणि मग आधार धरून उभं राहावं. सकाळी उठण्यापूर्वी एक-दोन भांडी पाणी प्यायलं तर बराच फरक पडतो. पुरुषांनी रात्री लघवी बसूनच करावी. उशाशी भांडं ठेवण्यात कमीपणा मानू नये. एकदम पोटभर जेवण्यापेक्षा थोडं थोडं खावं, कारण जेवणानंतरही वयस्क माणसांचं बीपी उतरतं. फार कढत पाण्यानं आंघोळ करून लगेच उठू नये. मीठ वाढवण्याचा सल्ला मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून घेऊ नये. हृदय कमजोर असलेल्याला, मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला आणि आधीच बीपीची गोळी खाणाऱ्याला मीठ-साखरेचं पाणी अपाय करू शकतं. आणि कृपा करून गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, त्यात पक्षाघाताचा धोका आहे. झोपून आणि उभ्यानं घेतलेले आकडे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. आबांच्या डॉक्टरांनी पाण्याची गोळी कमी केली, एका गोळीची वेळ बदलली, एवढ्यावर त्यांचं भिंत धरणं थांबलं.

कोणी भोवळ येऊन पडलंच, तर त्याला बसवू नका. आडवं ठेवून पाय वर उचला, गर्दी हटवा. शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. छातीत दुखत असेल, शौचाला काळं डांबरासारखं होत असेल, पाळी चुकलेल्या बाईच्या पोटात दुखून ती घामाघूम झाली असेल, तर १०८ ला फोन करा. डेंग्यूबद्दल वेगळं सांगते, कारण पावसाळा तोंडावर आला आहे. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात आणि नेमकं त्याच सुमारास काहींचं बीपी घसरतं. पोटदुखी, सततच्या उलट्या, हातपाय गार पडणं, पोर मलूल होणं दिसलं तर सकाळची वाट पाहू नये.

शिबिर घेणाऱ्या मंडळांना आणि आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की साठीपुढच्या प्रत्येकाचं, आणि मधुमेह किंवा चक्कर असलेल्या प्रत्येकाचं बीपी उभं करूनही मोजावं. त्यासाठी लागते एक सतरंजी किंवा बाकडं, शेजारी धरायला एक माणूस आणि आठ-दहा मिनिटं. रांग मोठी असेल तर निदान बसून आणि मग उभ्यानं मोजावं. दोन्ही आकडे कार्डावर शेजारी शेजारी लिहावेत. आपल्या दैनिकानं पुढच्या शिबिराची बातमी देताना एक ओळ जरूर छापावी: घरातली सगळी औषधं, कुठल्याही डॉक्टरांनी दिलेली असोत, पाकिटांसकट पिशवीत घालून सोबत आणा.

– एक निवृत्त अधिपरिचारिका, कोरेगाव, जि. सातारा